परराज्यात बिऱ्हाड हलवताय? गाव कसं निवडायचं, घर कसं बघायचं आणि कागद कुठले करायचे

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडं, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तिकडं साताऱ्यातलं माण-खटाव, या पट्ट्यात एखादं पोरगं गावात दिसेनासं झालं की लोक "कुठं गेलं" असं विचारत नाहीत, "कुठल्या राज्यात गेलं" असं विचारतात. सोन्याचांदीची गलाई, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, करायला आमची माणसं केरळपासून बंगालपर्यंत पसरलीत. मीही लग्न होऊन आले ती अशाच घरात, विट्याजवळच्या गावातनं थेट तामिळनाडूत, आधी चार वर्षं एका छोट्या गावी आणि आता कोइम्बतूरला. मागच्या दोन वर्षांत पाहुण्यातल्या पाच-सहा जणींनी फोन करून हेच विचारलं की ताई आम्ही निघतोय, काय काय बघायचं, म्हणून एकदा सगळं बसून लिहितेय. गलाईवाले नसाल, बेंगळुरू-हैदराबादला नोकरीला निघाला असाल तरी यातलं बरंच तुमच्या कामाचं आहे.

आधी एक सांगते, बाकीचं सगळं त्यावरच आहे. आमच्यात पुरुष माणूस दुकान बघून गाव ठरवतो आणि बायको-पोरं मागनं सामान घेऊन जातात. दुकान बघायला पाहिजेच, पोट त्यावर आहे. पण दुकानात माणूस दहा तास असतो आणि घरात बाई चोवीस तास असते, पोरं असतात, कधी म्हातारी माणसं असतात. गाव ठरवताना त्यांचा दिवस आधी मांडा. मी पाहिलेली जेवढी बिऱ्हाडं वर्ष-दीड वर्षात मोडून परत आली त्यातली निम्म्याहून जास्त धंदा बुडाला म्हणून आली नाहीत, घरातल्या माणसाला तिथं करमलं नाही, पाण्यानं आणि भाषेनं जीव काढला म्हणून आली.

पहिलं काम: वही घ्या आणि प्रत्येकाचा दिवस लिहा

खरंच लिहा, नुसतं बोलू नका. जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक पान. सकाळी उठल्यापासनं झोपेपर्यंत त्याला काय लागतं ते. पोरगी तिसरीत आहे, तिला शाळा, रिक्षा, खेळायला जागा. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना चालत जाता येईल असा दवाखाना आणि गप्पा मारायला दोन माणसं. तुम्हाला पाणी कधी भरायचं, भाजी कुठनं आणायची, ज्वारीचं पीठ कुठं मिळणार. मग प्रत्येक पानावर एकाच गोष्टीखाली रेघ मारा, जिच्याशिवाय त्या माणसाचं चालणारच नाही. चार माणसांच्या चार रेघा होतील, त्याच तुमच्या अटी. बाकी सगळ्यात तडजोड करायची, या चारांत नाही.

आणि किती वर्षांसाठी जाताय ते नवरा-बायकोत स्पष्ट बोला. "बघू, जमलं तर राहू" हे उत्तर धरू नका, कारण वर्षाच्या आत परतणाऱ्यानं गाडीचा नंबर बदलायचा नसतो, पोराला तिथल्या बोर्डात घालायचं नसतं, आणि वीस वर्षांसाठी जाणाऱ्यानं हे दोन्ही पहिल्याच वर्षी करायचं असतं.

राज्य निवडताना

बऱ्याच जणांच्या हातात हे नसतं, मामा जिथं आहे तिथं जायचं किंवा कंपनी पाठवेल तिथं. पण निवड असेल तर मी चार गोष्टी बघायला सांगते.

एक, गावाकडं पोचायला किती वेळ लागतो. किलोमीटर मोजू नका, गाड्या किती बदलाव्या लागतात ते मोजा. आपलं नशीब म्हणजे मिरज जंक्शन. बेंगळुरूकडं राणी चेन्नम्मा आहे, तिरुपतीला हरिप्रिया, म्हैसूरला शरावती, पुद्दुचेरी आणि तिरुनेलवेलीकडं चालुक्य, केरळात एर्नाकुलमला पूर्णा एक्सप्रेस, या सगळ्या मिरजेवरनं जातात. या रेघांवरचं गाव निवडलं तर रात्री बसून दुसऱ्या दिवशी पोचता येतं. आम्हाला कोइम्बतूरहून बेंगळुरूला गाडी बदलावी लागते आणि ती एक बदली किती जड जाते ते लहान पोर आणि चार पिशव्या घेऊन प्रवास केल्याशिवाय कळत नाही. मनाला लागेल पण विचारायचा प्रश्न हा आहे, गावात आई-बाप गेले तर मातीला पोचू शकू का? माझ्या आजीच्या वेळी मी पोचले नाही. तेव्हापासनं मी कुणालाही हा प्रश्न पहिला विचारायला सांगते.

दोन, भाषा. कन्नडचा कान आपल्याला असतो, जतपलीकडं आणि मिरजेच्या बाजारात ती ऐकलेली असते, त्यामुळं कर्नाटक सोपं जातं. गुजरात, मध्य प्रदेशात हिंदीवर भागतं, बडोदा-इंदूरला तर जुनी मराठी घरं आहेत. तमिळ आणि मल्याळमला मात्र शून्यातनं सुरुवात, हिंदी तिथं बाजारातसुद्धा पुरत नाही. अवघड आहे पण भिण्यासारखं नाही, खाली सांगते.

तीन, हवा आणि पाऊस. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. चेन्नईकडं मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली ती याच पावसात. केरळात दोन्ही पाऊस. कोइम्बतूरची हवा पालघाट खिंडीतनं येणाऱ्या वाऱ्यानं बरी राहते, आपल्या घाटमाथ्याच्या माणसाला सोसते. म्हणून गाव बघायला जायचं तर तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात जा. हैदराबाद मे मध्ये, केरळ जुलैमध्ये, चेन्नई एकदा मे आणि एकदा नोव्हेंबर. चांगल्या दिवसांत कुठलंही गाव चांगलंच दिसतं.

चार, पोरांच्या शिक्षणाचे नियम. यावर खाली वेगळं लिहिलंय, ते चुकवू नका.

भाऊबंद आहेत तिथं जावं का?

जावं, पण त्याच गल्लीत राहू नये. हे माझं ठाम मत आहे. त्याच शहरात आपली माणसं असली की पहिले सहा महिने सोपे जातात, घर बघायला, गॅस मिळवायला, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला कुणीतरी असतं. पण सगळे एकाच वाड्यात, एकाच जिन्यावर राहिले की धंद्याची चढाओढ घरात येते, उसनवारी येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बायका-पोरं आपापसातच मराठी बोलत बसतात आणि दहा वर्षांनीही तिथली भाषा येत नाही. वीस मिनिटांच्या अंतरावर राहा. हाक मारली की येता आलं पाहिजे, रोज दारात नको.

एरिया आणि घर: इथं सगळ्यात जास्त वेळ घाला

आमचं पहिलं घर दुकानाच्या वरच होतं. भाडं कमी, आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, जेवायला वर येता येतं, सगळ्यांनी चांगलंच म्हटलं. खाली भट्टी. गलाईत सोनं साफ करताना नायट्रिक ॲसिड लागतं आणि त्याचा तो तांबूस-पिवळा धूर निघतो, तो छातीला फार वाईट. माझ्या मुलाला पहिल्या वर्षात सारखा खोकला, डॉक्टर औषध बदलत राहिले, शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, घर कुठं आहे? घर बदललं आणि दोन महिन्यांत खोकला गेला. म्हणून गलाईवाल्यांना हात जोडून सांगते, भट्टी आणि बिऱ्हाड एका छताखाली ठेवू नका, चार पैसे भाडं जास्त गेलं तरी चालेल.

आता पाणी. आपला जिल्हा असा आहे की अर्ध्यांनी पूर पाहिलाय आणि अर्ध्यांनी टँकर. सांगलीच्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तर ही जी आपली सवय आहे ती परराज्यात घेऊन जा. कुठल्याही शहरात घर बघताना भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघा, तळमजल्याला ओल आहे का बघा, आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत येतं. घरमालक सांगणार नाही, दुकानदार सांगतो, कारण त्याची पोती भिजलेली असतात.

आणि दुष्काळी बाजूचा प्रश्न: पाणी कुठलं, किती दिवसांनी, किती वेळ? तामिळनाडूत पाणी दोन प्रकारचं, "नल्ल तण्णी" म्हणजे प्यायचं गोडं पाणी आणि "उप्पु तण्णी" म्हणजे बोअरचं खारं पाणी. घरमालक "पाणी चोवीस तास आहे" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा उप्पु तण्णीबद्दल बोलत असतो. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस गळतात. कोइम्बतूरच्या पश्चिम भागात सिरुवाणी धरणाचं पाणी येतं, ते इतकं गोड की पाहुणे कौतुक करतात, पण ते प्रत्येक एरियात येत नाही आणि रोजही येत नाही. म्हणून आम्ही दुसरं घर बघताना नळाखाली तांब्या धरून पाणी पिऊन बघितलं, मालकिणीला हसू आलं, पण घर तेव्हाच ठरलं.

घर बघायचं ते तीन वेळा बघायचं. सकाळी सातला, म्हणजे पाण्याची रांग, शाळेच्या रिक्षा आणि कचरा दिसतो. दुपारी दोनला, म्हणजे पत्र्याचं किंवा वरच्या मजल्याचं घर किती तापतं ते कळतं. आणि रात्री नऊला, बायको-मुलीला घेऊन त्या रस्त्यावरनं बस स्टॉपपर्यंत चालत जा, दिवे आहेत का, दारूचं दुकान कोपऱ्यावर आहे का, बाकीच्या बायका रस्त्यावर दिसतायत का. शक्य असेल तर आधी एक महिना लॉजवर किंवा साध्या खोलीवर एकट्या पुरुषानं राहावं आणि मग बाईला आठ दिवस आणून दाखवावं. घराला शेवटची हो ती बाईची असावी.

शहराच्या मध्यात की बाहेर? आमच्या इथं कोइम्बतूरला सोन्याचा बाजार राजा स्ट्रीट-टाऊन हॉल भागात, तिथं गल्ल्या अरुंद. आर.एस. पुरम चांगलं पण भाडं परवडत नाही. वडवळ्ळीकडं मोकळं, हवा चांगली, पण नवऱ्याला रोज आठ-दहा किलोमीटर यावं लागतं. आम्ही मधलं निवडलं, बसनं पंचवीस मिनिटं. माझा हिशोब असा की पुरुषाचा अर्धा तास गेला तरी चालतो, पोराची शाळा मात्र चालत किंवा दहा मिनिटांत पाहिजे.

भाड्याचं बोलताना आधी दोन प्रश्न सरळ विचारा, मटण-मासे चालतात का, आणि गावाकडनं पाहुणे येऊन आठ दिवस राहिले तर चालतं का. आपल्याकडं पाहुणे येणारच. नंतर वाद घालण्यापेक्षा आधी नाही ऐकलेलं बरं.

ॲडव्हान्सचं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. बेंगळुरू-चेन्नईकडं पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं मागायची पद्धत होती आणि अजून काही मालक मागतात. तामिळनाडूच्या २०१७ च्या भाडेकरू कायद्यात करारात वेगळं ठरलं नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच मर्यादा आहे, हे माहीत असलं की बोलायला जोर येतो. पैसे बँकेतनंच द्या, रोख दिले तर पावती घ्या. करार बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षापेक्षा जास्तीचा केला की रजिस्टर करावा लागतो. करारात हे लिहून घ्या: सोडताना किती महिने आधी सांगायचं, रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, लाईटचा दर युनिटला किती. कारण सब-मीटर असला की काही मालक बोर्डाच्या दरापेक्षा जास्त लावतात. घरात शिरायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळाचा, फुटलेल्या फरशीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मालकाला तेव्हाच पाठवून द्या.

आणि हो, तामिळनाडूत आणि केरळात लाईटबिल दोन महिन्यांनी येतं. पहिलं बिल बघून घाबरू नका. तामिळनाडूत घरगुती कनेक्शनला दोन महिन्यांत पहिली १०० युनिट फुकट आहेत. कर्नाटकात गृहज्योतीत महिन्याला २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूलाही मिळते, त्याला नोंदणी करावी लागते.

पोरांची शाळा आणि पुढचं कॉलेज

इथं चूक झाली तर ती दहा वर्षांनी कळते आणि तेव्हा काही करता येत नाही, म्हणून नीट वाचा.

लहान पोर, बालवाडी ते तिसरी, कुठंही नेलं तरी भाषा उचलतं. माझी मुलगी सहा महिन्यांत तमिळमध्ये भांडायला लागली. पाचवी-सहावीनंतर अवघड होतं, कारण कर्नाटक, तेलंगणा, तामिळनाडू, केरळ या सगळ्या राज्यांत तिथली भाषा शाळेत शिकणं कायद्यानं आहे. आठवीतल्या पोराला अचानक मल्याळम लिहायला बसवलं तर त्याचं गणितसुद्धा मागं पडतं. नोकरी फिरतीची असेल तर सीबीएसई घ्या, एकाच गावी राहायचं पक्कं असेल तर तिथलं राज्य बोर्ड घेतलेलं बरं.

आता महत्त्वाचं. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातनं झालेली लागते, शिवाय डोमिसाईल किंवा जन्माचा पुरावा. तुम्ही नववीतनं पोरगं परराज्यात नेलंत आणि दहावी तिकडं झाली, की नंतर अकरावीला विट्याला आणून घातलंत तरी ही दारं बंद. आणि तिकडची दारं लगेच उघडत नाहीत, कर्नाटकात पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं तिथं शिकलेलं असावं लागतं. म्हणजे मधल्या वयात हलवलेलं पोर दोन्हीकडनं जातं. इंजिनिअरिंगला आई-बापाच्या डोमिसाईलवर काही वाटा आहेत, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच ठरवा. थोडक्यात, पोर आठवी-नववीत असेल तर एक तर बारावी होईपर्यंत आई-पोरांनी गावीच थांबावं, नाहीतर चौथीच्या आतच हलवावं.

महाराष्ट्राच्या डोमिसाईलला १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आई-बापांनी आपला दाखला निघायच्या आधीच काढून ठेवावा.

शाळेतनं निघताना दाखला घ्या आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही घेऊन ठेवा, परराज्यातल्या बऱ्याच शाळा ती मागतात आणि त्या एका सहीसाठी परत सांगलीला यावं लागतं. दहावी-बारावी झालेल्यांना बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट.

जातीचा दाखला

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आपल्या महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या कॉलेजात किंवा राज्य सरकारच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही, तीच जात तिथल्या यादीत असली तरी. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. केंद्राच्या जागांना मात्र आपला दाखला चालतो. म्हणून दाखला, जात पडताळणी आणि लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, हे गावाकडनंच काढून न्या, आणि आजोबा-पणजोबांचे शाळेचे जुने दाखले, त्यांच्या झेरॉक्स सगळ्या भावांनी आपापल्याकडं ठेवा. पंधरा वर्षांनी मुलगा मोठा झाल्यावर परराज्यातनं हे शोधायचं म्हणजे फार हाल.

गाडी

लायसन देशभर चालतं, त्याची काळजी नको. गाडीचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आरटीओतनं, एम.एच. १० असेल तर सांगली, ११ असेल तर सातारा, ५० असेल तर कराड, एनओसी घ्यायची, तो २८ नंबरचा फॉर्म. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचीही एनओसी. मग तिकडं जाऊन गाडीच्या वयाप्रमाणं टॅक्स भरायचा आणि इथं भरलेल्या टॅक्समधला उरलेला भाग परत मागायचा. तो परत मिळतो पण कागद आणि फेऱ्या फार. माझं मत, पाच-सात वर्षं जुनी टू-व्हीलर असेल तर गावातच विका आणि तिकडं तिथल्या नंबरची सेकंडहँड घ्या. चारचाकी चांगली असेल तरच न्या. ज्यांची नोकरी सरकारी आहे किंवा ज्यांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत, त्यांना २०२१ पासनं बी.एच. सिरीजचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा, नंबर घेता येतो, सारखी बदली असणाऱ्यांना तो सगळ्यात बरा.

बाकीचे कागद

मोबाईल नंबर बदलू नका, आधार-बँक सगळं त्यावर आहे. आधारचा पत्ता मात्र भाडेकरार झाल्यावर बदला, कारण तिकडच्या बऱ्याच सवलती पत्त्यावर चालतात, कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना एसटी फुकट आहे ती तिथला पत्ता असणाऱ्यांनाच. पण त्याचबरोबर हेही लक्षात घ्या की महाराष्ट्राच्या योजना, लाडकी बहीण धरून, या महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहेत. कुठं राहतो ते एकदा खरं ठरवा आणि कागद तसेच ठेवा, दोन्हीकडं हात ठेवला की कधीतरी दोन्हीकडनं अडतं.

मतदानाचंही तसंच. नाव हलवायला ८ नंबरचा फॉर्म, ऑनलाईन भरता येतो. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही.

रेशन: अंत्योदय किंवा प्राधान्य कार्ड असेल तर वन नेशन वन रेशनमध्ये कुठल्याही राज्यात आधारच्या अंगठ्यावर धान्य उचलता येतं, आणि घरातले काही गावाकडं असतील तर काही धान्य तिकडं, काही इकडं असंही करता येतं. जायच्या आधी सगळ्यांची केवायसी रेशन दुकानात पूर्ण करा. आयुष्मान कार्डही दुसऱ्या राज्यातल्या पॅनलवरच्या हॉस्पिटलात चालतं. गॅसचं, सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद आणि डिपॉझिट घ्या, नुसतं कार्ड भावाकडं देऊन येऊ नका. लहान बाळ असेल तर लसीकरणाचं कार्ड हातातल्या पर्समध्ये, सामानात नाही.

दुकान टाकणाऱ्यांना दोन शब्द. जीएसटी नंबर प्रत्येक राज्याचा वेगळा लागतो, सांगलीचा तिकडं चालत नाही. आणि मोड, म्हणजे जुने दागिने-सोनं, घेताना कितीही ओळखीचा असला तरी आणणाऱ्याचं ओळखपत्र, सही आणि वजन रजिस्टरमध्ये लिहा. चोरीचा माल घेतला म्हणून आपल्या माणसांना परराज्यात पोलीस उचलतात, तेव्हा भाषा येत नसते, वकील ओळखीचा नसतो, आणि ते रजिस्टर एवढंच हातात असतं. पहिल्या आठवड्यात स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन भाडेकरू म्हणून आणि दुकानदार म्हणून माहिती देऊन या.

सामान आणि पहिले तीन महिने

घरचं वापरलेलं सामान नेताना ई-वे बिल लागत नाही, पण ड्रायव्हरजवळ सामानाची यादी आणि घर बदलतोय असं सही केलेलं पत्र द्या, म्हणजे नाक्यावर वाद होत नाही. कपाट, दिवाण नेऊ नका, भाडं किमतीपेक्षा जास्त पडतं. न्यायचं ते तवा-परात, मिक्सर, पोरांची पुस्तकं, आणि एक पोतं शाळू. ज्वारी तिकडंही मिळते, तमिळमध्ये चोळम, तेलुगूत जोन्नलु, कन्नडमध्ये जोळ, पण आपल्या शाळूसारखी भाकरी तिची थापत नाही, आणि पहिले दोन महिने तरी ताटात भाकरी आपली असली की माणूस टिकतो.

भाषेसाठी क्लास लावला नाही तरी चालेल, रोज एकाच भाजीवालीकडं जा. पहिल्या आठवड्यात आकडे आणि "केवढ्याला", दुसऱ्यात भाज्यांची नावं, तिसऱ्यात शरीराचे अवयव आणि "दुखतंय", कारण दवाखान्यात तेच लागतं. चुकीचं बोला पण बोला. आमच्या शेजारच्या अक्कांनी मला असंच शिकवलं, मी त्यांना पिठलं दिलं आणि त्यांनी मला रसम. पहिल्या बाळंतपणानंतर माझी आई पोचायच्या आत त्याच अक्का दवाखान्यात माझ्याजवळ बसल्या होत्या. शेजार कसा आहे हे घर बघताना दहा मिनिटं बसून, चहा घेऊन बघा.

गावाकडचं

जायच्या आधी वारस नोंद राहिली असेल तर करून घ्या, सातबारा आपल्या नावावर आहे का बघा. शेत कुणाला वाट्यानं देताय ते कागदावर लिहा, भाऊ असला तरी. ई-पीक पाहणी शेतात उभं राहूनच करावी लागते, तेव्हा कोण करणार ते ठरवून जा. शेतजमीन विकून परराज्यात प्लॉट घ्यायची घाई पहिल्या पाच वर्षांत करू नका, महाराष्ट्रात शेती घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो आणि तो म्हणजे तुमचा हा सातबाराच. तिकडं घर घ्यायची वेळ आलीच तर तामिळनाडूत पट्टा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो सरकारी कागद, जुने मूळ दस्त आणि ई.सी., म्हणजे त्या मिळकतीवर बोजा आहे का नाही ते दाखवणारा रजिस्ट्रार ऑफिसचा दाखला, हे तिन्ही स्वतःच्या वकिलाकडनं तपासा, मालकानं सुचवलेल्या नाही.

गावी यायचं वर्षाचं गणित शाळेच्या कॅलेंडरवर बसवा. तामिळनाडूत दिवाळीला आपल्यासारखी लांब सुट्टी नसते, गणपतीला एखादाच दिवस. पण तिमाही परीक्षेनंतरची सुट्टी बहुतेक वर्षी दसऱ्याच्या आसपास येते, म्हणून आम्ही दिवाळी तिकडं करतो आणि दसऱ्याला विट्याच्या पालख्यांच्या शर्यतीला इकडं येतो. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा श्रावणात एक दिवस सकाळी आठला मोबाईल घेऊन बसायचं आणि मिरजेपर्यंतची तिकिटं काढून टाकायची, येतानाची आणि जातानाचीही.